सौभद्र पाहिलं. 'प्रिये पहा'ला वन्समोअर दिला नाही, हे बरोबर केलं का?

कृष्णाकाठ

गेल्या शनिवारी रात्री सांगलीत 'संगीत सौभद्र'चा, म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्करांच्या अर्जुन-सुभद्रेच्या लग्नावरच्या जुन्या संगीत नाटकाचा प्रयोग बघितला. नवीन मुलामुलींनी नव्यानं बसवलंय. संस्थेचं आणि नाट्यगृहाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण पुढे थोडं तक्रारीचं पण आहे आणि पोरं गुणी आहेत, उगाच कुणाच्या नावानं बोभाटा नको.

आधी चांगलं सांगतो. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला, सगळे नट ओळीनं हात जोडून उभे आणि ऑर्गनचा पहिला सूर आला. 'पंचतुंड नररुंडमालधर' सुरू झालं तसं माझ्या पुढची अख्खी रांग गुणगुणायला लागली. ही नांदी मुळात 'शाकुंतल'ची, म्हणजे १८८० ची, पण आता कुठल्याही संगीत नाटकाला तीच हवी असते लोकांना. बाल्कनी रिकामी होती पण खालचं बरंचसं भरलं होतं, आणि विशेष म्हणजे कॉलेजची पोरं होती वीसेक तरी.

सुभद्रेचं काम करणारी मुलगी फार आवडली. 'वद जाऊ कुणाला शरण' तिनं अगदी साधं म्हटलं, ताना जवळजवळ नाहीतच, 'शरण'वर आवाज किंचित खाली सोडला आणि तिथेच थांबली. आपल्या लग्नाचं दुसरंच कुणीतरी ठरवतंय आणि विचारायला कुणी नाही, हे त्या एका जागेत कळलं मला. इतकी वर्षं हे पद ऐकतोय, रेकॉर्डवर, मैफलीत, गणपतीत, पण ही एक बाई कुणाकडे तरी खरंच मदत मागतीय असं कधी वाटलंच नव्हतं.

आता मुद्दा. कृष्ण झालेला मुलगा गळ्यानं तयार आहे. 'नच सुंदरी करू कोपा'ला टाळ्या पडल्या. मग 'प्रिये पहा' सुरू झालं. ज्यांनी नाटक पाहिलं नाही त्यांच्यासाठी, या पदात रात्र संपून पहाट होतीय, वारा गार सुटलाय, दिवे मंद होतायत असं कृष्ण रुक्मिणीला दाखवतो. या लोकांनी काय केलं होतं, पद सुरू होताना रंगमंचावर गडद निळा प्रकाश, मागे समई. पद पुढे जाईल तसा निळा कमी होत गेला, एका बाजूनं फिकट पिवळं यायला लागलं, शेवटच्या अंतऱ्याला समई दिसेनाशी झाली आणि पद संपलं तेव्हा रुक्मिणीच्या चेहऱ्यावर चक्क सकाळ होती. मी आपला बघतच राहिलो.

आणि टाळ्यांच्या मधूनच मागून खणखणीत आवाज आला, "वन्समोअर!" मग आणखी दोघं तिघं. मग बरेच. ऑर्गनवाल्यानं शेवटचा सूर धरून ठेवला आणि कृष्णाकडे बघितलं. कृष्णानं किंचित मान हलवली, नाही म्हणून, आणि सरळ पुढचं गद्य सुरू केलं. त्याचं पहिलं वाक्य ओरडण्यात गेलं, दुसरं पण गेलं, तिसऱ्याला लोक गप्प झाले. मध्यंतरात चहाच्या तिथं नुसती हीच चर्चा. "वन्समोअर द्यायचा नाही तर संगीत नाटक करता कशाला", "गर्व झालाय पोरांना" इथपर्यंत लोक बोलत होते, एक काका तर म्हणाले की सांगलीत येऊन असं करायचं नाही, ही नाट्यपंढरी आहे.

मला वाटतं त्या मुलानं बरोबर केलं. एकदा उजाडलं की उजाडलं. परत गायचं म्हणजे परत रात्र करायची, समई परत दिसायला लागणार, रुक्मिणी परत पहिल्या जागी जाऊन बसणार. मग ते नाटक राहत नाही, कपडेपट घालून केलेली मैफल होते. तुम्हाला काय वाटतं?

तक्रार एकच, माईक. मधेमधे जात होते आणि खरखर होती. त्याबद्दल नंतर लिहीन.

मांडवीकर

सविस्तर लिहिलंत, वाचताना डोळ्यासमोर आलं. पण मी असहमत.

वन्समोअर हा संगीत नाटकाचा जीव आहे हो. भाऊराव कोल्हटकर सुभद्रा करायचे तेव्हापासून लोक वन्समोअर घेतायत, बालगंधर्वांना तर एकेका पदाला किती पडायचे आणि नाटक पहाटेपर्यंत चालायचं हे आपण घराघरात ऐकलंय. प्रेक्षक पैसे टाकून येतो, त्याला एक गोष्ट परत हवी आहे, ती न देणं म्हणजे दारात आलेल्याला पाणी न विचारण्यासारखं आहे. आमच्या रत्नागिरीकडे संगीत नाटकाला आजही जीव टाकणारा प्रेक्षक आहे तो याच देवाणघेवाणीमुळे. नट आणि प्रेक्षक यांच्यात काच लावून ठेवायची असेल तर घरी बसून व्हिडिओ बघितलेला काय वाईट?

उजाडण्याचं म्हणाल तर छोटा गंधर्वांनी हेच पद गाताना किती वेळा पुन्हा पहाट केली असेल, कुणाची हरकत नव्हती.

समेवर

मांडवीकरांना अनुमोदन, पण अर्धंच.

एक गोष्ट सगळे विसरतात. सौभद्रचा पहिला प्रयोग १८ नोव्हेंबर १८८२ ला पुण्यात पूर्णानंद नाट्यगृहात झाला, तो पण फक्त तीन अंकांचा, पाच अंकी पूर्ण नाटक पुढच्या वर्षी १८८३ च्या मार्चमध्ये आलं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी यात शंभराहून जास्त पदं घातली. शंभर! ती सगळी जर आपण आज ऐकतो तशी आलाप ताना घेऊन गायली तर नाटक दोन दिवस चालेल. म्हणजे ती तशी गायची नव्हतीच. साकी, दिंडी, कामदा अशी जुनी वृत्तं, लावणीच्या चाली, कर्नाटकी चाली, छोटी छोटी पदं, बोलता बोलता गाण्यात जायचं आणि गाण्यातून परत बोलण्यात. पद म्हणजे संवादच. अण्णासाहेब स्वतः बेळगावकडचे, गुर्लहोसूरचे, त्यामुळे कानडी चाली त्यांच्या कानात होत्या.

ख्यालासारखा विस्तार हा नंतरचा, गाण्यातले मोठे लोक रंगभूमीवर आले तेव्हाचा. गोविंदराव टेंब्यांनी मानापमान (१९११) ला चाली दिल्या, भास्करबुवा बखल्यांनी स्वयंवर (१९१६) ला दिल्या, तिथून पद ही स्वतंत्र ऐकायची वस्तू झाली आणि मग सौभद्रसुद्धा लोक तसंच गायला लागले. ते सुंदर आहे, मी स्वतः त्यावरच वाढलोय. पण 'परंपरा' म्हणून आपण जे धरून बसतो ते सौभद्रच्या जन्माच्या वेळचं नाहीये, तीस चाळीस वर्षांनंतरचं आहे. त्यामुळे सुभद्रेचं काम करणाऱ्या मुलीनं जे केलं, साधं म्हणून सोडून दिलं, ते मला जास्त मूळचं वाटतं.

रानजाई

मी त्या वीस कॉलेजच्या पोरांपैकी एक :) म्हणजे मी त्याच प्रयोगाला होते!

मी आयुष्यात पहिल्यांदा संगीत नाटक बघितलं. घरी कट्यारचा सिनेमा (२०१५ चा) दहा वेळा बघितलाय आणि देवबाभळी पुण्यात बघितलंय, पण हे असं जुनं नाही बघितलेलं. मला भीती होती की भाषा कळणार नाही. पहिली दहा मिनिटं खरंच अवघड गेली, पण अर्जुन यती होऊन येतो आणि बलराम त्याच्याच पाया पडतो आणि वर सुभद्रेला त्याच्या सेवेला ठेवतो, तिथून मी आणि माझी मैत्रीण हसून हसून वेड्या झालो. अहो हे तर एकदम आजचं आहे ना, सगळ्या घराला फसवून लग्न जमवणं आणि मोठा भाऊ सोडून सगळ्यांना माहीत असणं. आमच्यापुढे एक छोटा मुलगा बसला होता, घटोत्कच आला तेव्हा तो आईच्या मांडीवर उभा राहून "पळ पळ" ओरडत होता सुभद्रेला.

वन्समोअरचं सांगायचं तर मला ते ओरडणं सुरू झालं तेव्हा काय चाललंय तेच कळलं नाही. मला वाटलं कुणाला चक्कर आली. पण खरं सांगू का, मला तेव्हा पुढे काय होतंय हे बघायचं होतं, गाणं परत नको होतं. सॉरी काका लोक.

पायपेटी

रानजाई, सॉरी कशाला गं, हेच तर हवंय. पुढे काय होतंय हे बघायचंय असं १८८२ च्या नाटकाबद्दल आज एक मुलगी म्हणतीय, यात सगळं आलं.

माझा अनुभव गोव्याचा. आमच्याकडे देवळाच्या उत्सवात गावातलेच लोक नाटक करतात, दिवसा शाळेत शिकवणारा रात्री नारद आणि बँकेतला क्लार्क बलराम. पालखी आत गेली की मंडपात नाटक सुरू, संपायला पहाट. तिथं वन्समोअर दिला नाही तर लोक बसूनच देणार नाहीत कारण गाणारा त्यांच्या घरचा आहे. पण तिथं वेळेचं बंधन नाही हो. शहरात नाट्यगृह सत्रावर मिळतं, सत्र संपलं की वरचे पैसे. तीन साडेतीन तासात पाच अंकांचं नाटक बसवायचं म्हणजे आधीच कितीतरी पदं कापलेली असतात, त्यात एका पदाला दोनदा म्हटलं की शेवटचा प्रवेश पळवावा लागतो. मी पाहिलाय असा एक प्रयोग, शेवटी भरतवाक्यसुद्धा (नाटक संपवताना म्हणायचं पद) अर्धं म्हटलं आणि पडदा टाकला. पहिल्या दोन अंकात सात वन्समोअर दिलेले. घरी जाताना वाईट वाटत होतं.

हडसनकाठ

इकडे न्यू जर्सीत आमच्या मंडळानं चार वर्षांपूर्वी सौभद्र केलं होतं, शाळेचं सभागृह, दहा वाजता रखवालदार दिवे घालवणार म्हणजे घालवणार. दोन तासात बसवलं. आम्ही गद्य कापलं आणि पदं ठेवली, कारण लोक पदांसाठी येणार असं वाटलं. चूक झाली. इथं वाढलेल्या मुलांना गोष्टच कळेना, कोण कुणाचा भाऊ आणि हा साधू रडतोय का. आईबापांनी गाणी एन्जॉय केली आणि मुलं फोनवर. परत करू तेव्हा पदं कापू, गद्य ठेवू. कृष्णाकाठ, पहाटेच्या प्रकाशाचं जे लिहिलंय ते आमच्या लाइटवाल्याला पाठवतेय.

मांडवीकर

@समेवर, माहितीबद्दल आभार, चालींचं पटलं. पण मग एक सांगा, पदं संवाद म्हणून म्हणायची, ताना नकोत, वन्समोअर नको, तर गाणारा नट तयार होणार कशाला? पंधरा वर्षं रियाज करून तो मुलगा तिथं उभा आहे. १९२१ साली दोन नाटक कंपन्यांनी मिळून संयुक्त मानापमान केलं, टिळक स्वराज्य फंडासाठी, केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी, लोकांनी शंभर शंभर रुपये तिकीट काढलं त्या काळात. ते काय गोष्ट कळावी म्हणून? गोष्ट पाठ होती सगळ्यांना. ते ऐकायला आले होते.

समेवर

बरोबर आहे, ऐकायलाच आले होते. आणि तोच प्रेक्षक नंतर बोलपट आल्यावर तिकडे गेला, कारण गाणं तिथंही मिळायला लागलं. गाणं आता खिशात आहे मांडवीकर. 'प्रिये पहा' मला आत्ता या क्षणी पाच गायकांचं ऐकता येईल. पण रुक्मिणीच्या चेहऱ्यावर सकाळ होताना बघायला मला सांगलीलाच यावं लागेल.

डग्गा

नमस्कार. बरेच दिवस इथं फक्त वाचतो, आज लिहितोय कारण त्या प्रयोगाला तबल्यावर मी होतो.

वन्समोअर न देण्याचं आधीच ठरलं होतं, त्यात गर्वबिर्व काही नव्हता. पायपेटी म्हणतात ते सत्राचं कारण होतंच, साडेबाराला हॉल सोडायचा होता. दुसरं कारण तो प्रकाशाचा बदल. पदाच्या मात्रांवर मोजून बसवलाय, लाइटवाला माझ्या ठेक्याकडे कान लावून हात चालवतो. चार रात्री तालीम फक्त त्या एका पदाची केलीय. कृष्णाच्या जीवावर आलं होतं हो नाही म्हणताना, विंगेत आल्यावर पाणी पिताना त्याचा हात थरथरत होता. प्रेक्षक नाराज होऊन गेले हे त्याला अजून लागून राहिलंय.

माईकचं खरं आहे. कॉलरमाईक कृष्णाच्या माळांच्या आत बसवला होता, मान वळवली की मणी घासायचे आणि खरखर. जुन्या लोकांनी माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवला, आमच्या पिढीला ती सवयच नाही, आणि हॉलसुद्धा आता पंख्यांच्या आवाजाचे.

अंजनीगीत

हे वाचून लिहायलाच हवं असं वाटलं. तो पहिला "वन्समोअर" ओरडणारा आवाज माझ्या वडिलांचा.

बाबा ८१ वर्षांचे आहेत. पलूसजवळचे, म्हणजे बालगंधर्वांच्या नागठाण्याच्या शेजारचेच, लहानपणापासून नाटकवेडे. मागून तिसऱ्या रांगेत बसलो होतो आम्ही, पुढची तिकिटं संपलेली. 'प्रिये पहा' सुरू झालं आणि नेमका तेव्हाच माईक गेला. धृपद आणि पहिला अंतरा आम्हाला नुसतं तोंड हलताना दिसलं, ऑर्गन आणि तबला तेवढा ऐकू येत होता. बाबा सारखे मला विचारत होते, सुरू झालं का, गातोय का तो. माईक परत आला तेव्हा शेवटचा अंतरा चालू होता. त्यांनी वन्समोअर मागितला तो तानेसाठी नव्हता, त्यांना पद ऐकायलाच मिळालं नव्हतं. त्यांच्यामागून बाकीचे ओरडले त्यांचं मला माहीत नाही.

घरी येताना रिक्षात एक शब्द बोलले नाहीत. सकाळी अंघोळ झाल्यावर स्वतःच म्हणत बसले होते ते पद, पूर्ण.

कृष्णाकाठ

अंजनीगीत, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मी पाचव्या रांगेत होतो, मला सगळं ऐकू आलं, म्हणून पहाट वगैरे लिहू शकलो. मागच्या रांगांत काय झालं असेल हे मनातच आलं नाही माझ्या. माईकची तक्रार मी एका ओळीत उरकली ती चूक होती, खरं तर तीच पहिली लिहायला हवी होती.

गद्य सुरू करण्याबद्दलचं माझं मत तेच आहे, पण त्या रात्रीपुरतं मांडवीकरांचं म्हणणं मला मान्य आहे. समोरच्याला ऐकूच गेलं नसेल तर परत म्हणणं हा वन्समोअर नाही, ते पहिल्यांदाच म्हणणं आहे.

डग्गा, तुम्ही हे तुमच्या लोकांना सांगाल का? आणि पुढचा प्रयोग कुठे?

डग्गा

वाचून दाखवलं सगळ्यांना, अंजनीगीत यांचा प्रतिसाद तर दोनदा. कृष्ण झालेला मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला पत्ता द्या, मी आजोबांना भेटून येतो. तुम्हाला चालणार असेल तर व्यक्तिगत निरोप करा.

पुढचा प्रयोग येत्या रविवारी इस्लामपूरला. माईक बदलतोय, कॉलरचा काढून पुढे फूटमाईक आणि वरून दोन टांगते. आणि वन्समोअरचं असं ठरलंय की मागितलाच तर शेवटचा अंतरा तेवढा परत घ्यायचा, तोवर उजाडलेलं असतं त्यामुळे प्रकाशाला हात लावावा लागत नाही, रुक्मिणी पण जागची हलत नाही. मांडवीकर, तुम्ही या. रत्नागिरीहून लांब पडेल पण या.

मांडवीकर

येतो. आंबा घाटानं सकाळी निघालो तर चारपर्यंत पोचेन. तिकीट ठेवा, मागच्या रांगेतलं.

रानजाई

आम्ही सहाजणी येतोय!! इस्लामपूरहून रात्री सांगलीला परत यायला काय मिळेल कुणाला माहितीये का?

कृष्णाकाठ

रानजाई, माझी गाडी आहे, तिघी बसाल, बाकीच्यांचं बघू.

कृष्णाकाठ

रविवारचा वृत्तांत थोडक्यात टाकतो, सोमवारी पहाटे लिहितोय. हॉल लहान पण भरलेला. मी यावेळी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसलो, मांडवीकर शेजारी. शब्द न् शब्द ऐकू आला. टांगत्या माईकमुळे आवाज थोडा लांबून येतो पण खरखर अजिबात नाही आणि नटांना मान मोकळी वळवता येत होती, त्यामुळे रुक्मिणीशी बोलताना कृष्ण खरंच तिच्याकडे बघत होता, मागच्या वेळी तो सारखा समोर बघून बोलायचा ते आता लक्षात आलं. घटोत्कचाला लहान मुलांनी इथेही डोक्यावर घेतलं.

'प्रिये पहा' झालं. टाळ्या झाल्या. कुणीच वन्समोअर मागितला नाही. ऑर्गनवाल्यानं सूर धरून ठेवला होता, कृष्णानं क्षणभर वाट बघितली. दुसऱ्या रांगेच्या कडेला अंजनीगीत यांचे बाबा बसले होते, पांढरी टोपी, हातात काठी. ते बोलले काहीच नाहीत, नुसतं एक बोट वर केलं. तबल्यानं उठाण घेतली आणि शेवटचा अंतरा परत सुरू झाला.